मारुती ८०० च्या फ्लोअरवर गंज : रंगाच्या आधी काय करायचं? (नागपूर)

फुटाळ्याकाठी

नमस्कार मंडळी,

घरची मारुती ८०० आहे, २००० सालची, एसीवाली, एमएच ३१. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यात ही गाडी उभी होती. पाणी सीटच्या बैठकीला लागलं होतं. इंजिन, ब्रेक, वायरिंग तेव्हाच करून घेतलं. कार्पेट धुऊन, वाळवून परत बसवून मिळालं.

यंदा पुन्हा पासिंग आहे, म्हणून गाडी जरा नीट बघायला घेतली. मॅट आणि कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली तांबूस भुकटी, आणि डावीकडे पुढे, जिथे शेजारी बसणाऱ्याचे पाय येतात, तिथे चक्क पापुद्रे. मागच्या सीटखाली जवळजवळ काहीच नाही. गाडीखाली पडून पाहिलं तर खालचं मूळ कोटिंग बऱ्यापैकी शाबूत वाटतंय.

दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो, तारेचा ब्रश फिरवून रेड ऑक्साइड मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, अख्खा फ्लोअर कापावा लागेल. यातलं खरं काय? घरी करण्यासारखं किती आणि गॅरेजमध्ये करण्यासारखं किती? आणि घासल्यावर नेमकं काय लावायचं?

पाचपावलीकर

भाऊ, रंगाचं मंग पाहू. पहिले थे पानी पाहा.

पुराचं पानी एक डाव येते अन् जाते. त्याचा गंज सगळीकडे सारखा येते. तुमचं तसं नाई. मांगच्या सीटखाली काहीच नाई अन् समोर डाव्या बाजूले पापुद्रे सुटून रायले म्हनता. म्हनजे तिथं आजबी पानी येऊन रायलं. एसीवाली गाडी हाये ना? मंग एसीचा ड्रेन पाइप पाहा. कूलिंग कॉइल त्याच बाजूले डॅशबोर्डच्या मांगं असते. थो पाइप कचऱ्यानं बुजला, का पानी बाहेर न जाता आत पायाखाली टपकते. मालक म्हनते कार्पेट ओलं काऊन, अन् कोनी वर पाहतच नाई.

दुसरं, बोनेट उघडून काचेच्या खालची नाली पाहा, वायपर जिथं बसते थे. लिंबाच्या झाडाखाली गाडी लावत असान तं थे पूर्न पाल्यानं भरली असन. तिसरं, दरवाज्याच्या आतला प्लास्टिकचा कागद. स्पीकर बसवनारे थो फाडते अन् तसाच सोडते.

आता पत्रा. पेचकस घ्या, मुठीकडून ठोका. चांगला पत्रा टनटन वाजते, सडलेला भद्द वाजते. मंग टोकानं दाबा, जरा जोर लावून. घुसलं तं कापा, नाई घुसलं तं घासा. फोटो पाहून कोनी फ्लोअर कापा म्हनत असन तं त्याले दुरून नमस्कार.

कट्टर_पेठकर

पंचवीस वर्षांची गाडी, तीही पुरात बुडालेली. स्क्रॅपला द्या की. पंधरा वर्षांनंतर तसंही चालवता येत नाही ना आता?

फुटाळ्याकाठी

@कट्टर_पेठकर, ती सरसकट बंदी दिल्ली आणि एनसीआरपुरती. आपल्याकडे पंधरा वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि फी भरून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. आमच्या गाडीचं दोनदा झालं. इंजिन अजून एका हाकेत चालू होतं, त्यामुळे स्क्रॅपचा विषय नको.

@पाचपावलीकर, गाडी लिंबाखालीच लागते! उद्याच बघतो.

चिंचभवनची

बाबांच्या पद्मिनीचा फ्लोअर मी घरीच केला होता, म्हणून उघडायच्या कामाबद्दल लिहिते. वेळ घासण्यात नाही, तिथेच जातो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मग पुढच्या दोन्ही सीट बाहेर. सीटचे बोल्ट पुराच्या पाण्यात भिजले आहेत, त्यामुळे थेट जोर लावू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडीखालून बोल्टची टोकं दिसत असतील तर तिथूनही मारा. वरचं डोकं तुटलं की ड्रिल करून काढावं लागतं आणि काम दुप्पट होतं. सीट बेल्टचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा, बाकीच्यांत मिसळू नका, त्यांच्या जागी दुसरे कुठलेही चालत नाहीत.

कार्पेट निघालं की खाली नमदा. पुरात भिजलेला नमदा फेकून द्या, कितीही वाळलेला वाटू दे. तो वरून कोरडा आणि आतून दमट असतो, आणि नेमका पत्र्याला चिकटून बसतो. कार्पेट धुऊन परत बसवलं म्हणता, तेव्हा नमदा बदलला होता का, हे विचारून घ्या.

नमद्याच्या खाली आवाज दाबायला काळी डांबरी पॅड असतात. ती जिथे घट्ट चिकटलेली आहेत, कडा उचललेल्या नाहीत, तिथे तशीच राहू द्या असं बरेच जण सांगतात. मी तुमच्या जागी असते तर पुराचं पाणी लागलेल्या गाडीत सगळी काढली असती, कारण कडेने शिरलेलं पाणी मध्यापर्यंत जातं आणि वरून कळत नाही. हे काम नागपूरच्या थंडीत करायचं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी. पारा दहाच्या आसपास असला की पॅड कडक होतं, छिन्नी आडवी धरून हातोडी मारली की तुकडेच्या तुकडे उडतात. हेच मे महिन्यात करणं म्हणजे परातीत वितळलेला गूळ खरवडणं. उरलेला चिकटा टर्पेंटाइनने निघतो (रॉकेल आता मिळतं कुठे), पण त्यानंतर तो तेलकटपणा थिनरने, स्वच्छ फडक्याने, फडकं बदलत बदलत पुसायचा. दारं चारही उघडी आणि आसपास काडी, बिडी, ग्राइंडर काही नाही.

फ्लोअरमध्ये गोल रबरी बुचं दिसतील. तीही काढा. गंज बहुतेक वेळा बुचाच्या कडेखाली लपलेला असतो. आणि उंबऱ्याच्या कडेने वायरिंगचा जुडगा जातो, तो वर उचलून बांधून ठेवा, नाहीतर ब्रश त्यात अडकलाच म्हणून समजा.

हिंगणा_शिफ्ट

औद्योगिक रंगाच्या कामात आहे, म्हणजे लोखंडी स्ट्रक्चर, टाक्या वगैरे. गाड्या रंगवत नाही, पण लोखंड दोन्हीकडे तेच. जरा लांबण लागेल.

पुराचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी नव्हे. त्यात गटार मिसळलेलं होतं, म्हणजे क्षार, म्हणजे क्लोराइड. हे क्षार सांध्यात आणि गंजाच्या खड्ड्यांत बसून राहतात आणि हवेतला ओलावा ओढतात. वरून रंग दिला तर ते रंगातूनही पाणी खेचतात आणि काही महिन्यांत फोड येतात. काचकागदाने ते जात नाहीत, पाण्यानेच जातात. म्हणून पापुद्रे खरवडून झाले की फ्लोअर धुवा: नळाचं पाणी, थोडा साबण, नायलॉनचा ब्रश, मग परत भरपूर पाणी. बोअरचं पाणी नको, त्यात स्वतःचेच क्षार असतात. गंजलेल्या पत्र्यावर पाणी ओतायचं हे विचित्र वाटेल, पण लगेच पुसून ब्लोअरने वाळवलं तर त्याने होणारा गंज अगदी वरवरचा असतो आणि तो पुढे घासण्यात जातोच.

घासणं. ग्राइंडरला लावायचा तारेचा कप ब्रश सगळ्यांकडे असतो आणि सगळे तोच वापरतात. सुटे पापुद्रे काढायला तो ठीक. पण जास्त फिरवला की गंजालाच पॉलिश करतो. पत्रा चकाकतो, आणि खड्ड्यांत काळपट गंज जिथल्या तिथे. नीट काम करते ती जाळीदार स्ट्रिप डिस्क, मग कोपऱ्यांत हाताने ८० नंबरचा पेपर. फ्लॅप डिस्क आणि दगड लांब ठेवा. हा पत्रा मुळात एक मिलीमीटरच्या आतबाहेरचा, त्यातला काही गंजाने खाल्ला, उरलेला तुम्ही खाऊ नका. सँडब्लास्टिंग पातळ पत्र्याला वाकवतं, आणि वाळू पुढची दहा वर्षं एसीच्या झरोक्यांतून निघत राहते. तारेच्या ब्रशच्या तारा सुटून उडतात, म्हणून बंद गॉगल घालाच. साधा चष्मा पुरत नाही.

आता खड्ड्यांतला गंज. इथे दोन वेगळ्या वस्तूंची लोक गल्लत करतात.

एक फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, बाजारात रस्ट रिमूव्हर किंवा डीरस्टिंग केमिकल म्हणून मिळतं. ते गंज विरघळवतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ करडा थर सोडतं. (दिल्लीच्या लोहस्तंभाची गंमत हीच: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा थर तयार झाला. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी यावर बरंच काम केलं आहे.) हे द्रावण पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच ब्रशने घासायचं, मग डब्यावर लिहिलं असेल तसं धुवायचं किंवा पुसायचं.

दुसरा रस्ट कन्व्हर्टर. यात बहुधा टॅनिक आम्ल असतं. ते गंज काढत नाही, गंजाशी जोडून त्याचं निळसर काळं, टिकाऊ संयुग बनवतं. आपल्या हिरड्यात हेच टॅनिन. हिरडा लोखंडी सुरीने कापला की सुरी काळी पडते, आणि हिरडा-हिराकसाची (हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट) जुनी शाई त्याच रसायनाची. याला काम करायला गंज लागतो. स्वच्छ चकचकीत पत्र्यावर कन्व्हर्टर फासून काही उपयोग नाही, आणि जाड पापुद्र्यावर फासला तर तो फक्त वरचा थर काळा करतो, खालचा गंज तसाच राहतो.

दोन्ही एकावर एक देऊ नका. मी स्वतः पहिल्याच्या बाजूचा आहे, कारण कन्व्हर्टरखाली नक्की काय राहिलं ते दिसत नाही. पण दोन पत्र्यांच्या सांध्यात, जिथे धुणं शक्य नाही, तिथे आम्ल अडकण्यापेक्षा कन्व्हर्टर बरा.

टॉयलेट क्लीनर किंवा बाजारातलं ‘तेजाब’ कृपया नको. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज झटक्यात जातो, पत्रा पांढरा दिसतो, व्हिडिओ छान होतो. मग सांध्यांत राहिलेलं क्लोराइड तेच करतं, जे पुराच्या पाण्याने केलं.

कट्टर_पेठकर

टॉयलेट क्लीनर मी सुचवणारच होतो. लिहिण्याआधी धागा पूर्ण वाचला याचा आनंद आहे.

कामठीचे_काका

बाळांनो, एवढी रसायनं कशाला? आम्ही चाळीस वर्षं दर पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून स्प्रे करत आलो. जीपचा पत्रा अजून ठणठणीत आहे. गंजाला तेल लागलं की संपलं.

हिंगणा_शिफ्ट

काका, तेलाने पाणी आणि हवा लांब राहते, हे बरोबरच आहे. जीपला तेवढं पुरतंही, कारण तिचं पोट उघडं आहे आणि दर वर्षी तेल परत मारलं जातं. इथे अडचण अशी की हे गाडीच्या आतलं काम आहे. जळकं ऑइल बसलेल्या पत्र्यावर कुठलाच रंग धरत नाही, वास कार्पेटमध्ये राहतो, आणि बाहेर मारलं तरी रबरी बुश आणि होज फुगतात. शिवाय ते हाताला लागणं चांगलं नाही, इंजिनमध्ये जळून त्यात बरंच काही मिसळलेलं असतं.

कामठीचे_काका

बुश दर दोन वर्षांनी बदलत होतो, हे खरं आहे. आतल्या बाजूला नको, मान्य. बाहेरून मारायला माझा अजूनही पाठिंबा.

मिऱ्याबंदर

रत्नागिरीहून. तुमची चर्चा वाचून हेवा वाटला. इथे खारा वारा बारा महिने, गाडी नुसती उभी असली तरी खाते. तुमच्याकडे वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडी, म्हणजे एकदा नीट केलेलं काम आमच्याहून कितीतरी जास्त टिकेल.

कोकणातून एकच गोष्ट सांगतो. फ्लोअर रंगवून लोक थांबतात, आणि गाडी जाते ती उंबऱ्यातून. दाराखालची पेटी, म्हणजे सिल, आतून पोकळ असते आणि फ्लोअरची कड तिलाच वेल्ड केलेली असते. पुराचं पाणी तिच्यात शिरलंच असणार. खालची बारीक भोकं तारेने मोकळी करा. गाळ निघेल. निघाला तर पाण्याचा पाइप लावून आतून धुवा, नीट वाळू द्या, आणि सगळ्यात शेवटी लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण, मारा. वॅक्स रंगाच्या नंतर; आधी मारलं तर ते सांध्यातून झिरपतं आणि तिथे रंग फाटतो.

फुटाळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. या शनिवार-रविवारी उघडली. अहवाल देतो.

पाचपावलीकर भाऊ, एसीचा ड्रेन पाइप पूर्ण बुजलेला होता, गाळाने. पुराचाच गाळ, वाळून सिमेंट झालेला. तार घातली तर आतलं पाणी बदकन बाहेर आलं. काचेखालच्या नालीत लिंबाचा पाला होता, पण तिथलं पाणी आत येत नव्हतं. बाहेरून पाइप लावून बराच वेळ पाणी सोडलं आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवलं, थेंबही नाही. दरवाज्यांचे कागद शाबूत.

नमदा जुनाच होता. डावीकडचा अजून ओला होता.

पॅड सगळी काढली. ड्रायव्हरच्या बाजूचा गंज वरवरचाच, पेचकस कुठेच घुसला नाही, घासल्यावर पत्रा पांढरा निघाला. डावीकडे मात्र, पुढच्या बाजूला जिथे फ्लोअर वर वळून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) भेटतो त्या सांध्यापाशी, टोक घुसलं. आतून टॉर्च धरला तर खालून बारीक उजेडाचे ठिपके दिसतात, तळहाताएवढ्या भागात. बाकी खड्डे आहेत पण पत्रा कडक आहे. उंबऱ्यातून गाळ निघाला, बराच.

त्या भागाला फायबर आणि रेझिन लावून चालेल का? की वेल्डिंगच?

पाचपावलीकर

वेल्डिंग. सांध्यापाशी हाये म्हनून. मधात कुठं एखादं छिद्र असतं तं मीबी एवढं बोललो नसतो, पन जिथं दोन पत्रे भेटते तिथं गाडीची ताकद असते. फायबर पत्र्याले चिपकते, पत्र्याची ताकद घेत नाई. अन् खालून गंज चालूच रायते.

करनाऱ्याले तीन गोष्टी सांगा. एक, सीओटू वेल्डिंगनंच करा. गॅसनं पत्रा लय तापते, वाकते, अन् आजूबाजूचं सगळं जळते. दोन, सडलेलं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जा, मंग तुकडा लावा. सडलेल्यावर वरून तुकडा ठेवून कडेनं टाके मारले तं दोन पत्र्यांच्या मधात पानी बसते, अन् दोन वर्सांनी पुन्हा याच धाग्यावर या लागन. तीन, खालून ब्रेकचा पाइप अन् पेट्रोलचा पाइप जाते. थे सोडवून बाजूले करा, नाई तं ओल्या पोत्यानं झाका. जवळ पान्याची बादली नको, आग विझवायचं सिलिंडर ठेवा. पेट्रोलवर पानी टाकून आग पसरते.

एमपीएफआय (कॉम्प्युटरवर पेट्रोल सोडनारी) गाडी हाये, तं बॅटरी सोडाच अन् ईसीयूचा, म्हनजे त्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरबी काढा. हे न करता वेल्डिंग मारून गाडी चालूच न होनाऱ्या मी पाह्यल्या हाये.

सडक्या भागाच्या बाहेर दोन बोटं पत्रा पांढरा होईस्तोर घासा, तेवढं तुमी घरीच करून नेलं तं मिस्त्री खूश होईन.

चिंचभवनची

वेल्डिंगच्या आधी त्या जागेवर आणि आसपास टर्पेंटाइन, थिनर, डांबराचा चिकटा अजिबात नको. आणि काचांना ओलं जाड कापड लावा. ठिणग्या काचेत रुततात, डाग जात नाहीत.

फुटाळ्याकाठी

तुकडा बसला. काम छान झालंय, टाके घासून सपाट केले. आता प्रायमरचा प्रश्न. मिस्त्री म्हणतो रेड ऑक्साइडच मारा, खिडक्यांच्या ग्रिलला वर्षानुवर्षं टिकतो. इथे इपॉक्सी सुचवाल असं वाटतंय.

हिंगणा_शिफ्ट

रेड ऑक्साइड वाईट नाही, पण ग्रिल उघडी असते, पाऊस येतो आणि वाळतो. फ्लोअरवर कार्पेट असतं. ओलावा आला तर तास-दोन तास नाही, आठवडे राहतो. एका डब्यातला साधा प्रायमर अशा सततच्या ओलाव्यात मऊ पडतो. दोन डब्यांचा इपॉक्सी, म्हणजे बेस आणि हार्डनर, पत्र्याला जास्त घट्ट धरतो आणि पाणी फार कमी आत जाऊ देतो. लांबी, सर्फेसर (पत्रा गुळगुळीत दिसावा म्हणून द्यायचा थर) यातलं काही फ्लोअरला लावू नका; सर्फेसर पाणी पितो, आणि फ्लोअरचं सौंदर्य बघतं कोण.

आम्लाबद्दल एक सावधगिरी. इपॉक्सीचा हार्डनर अल्कलीच्या स्वभावाचा असतो, आम्ल राहिलं तर त्याच्याशीच भिडतो आणि थर नीट पक्का होत नाही. म्हणून फॉस्फोरिकने साफ केलेला पत्रा पुरेसा धुतलेला, वाळलेला हवा, आणि हलका १२० नंबरने घासून, इपॉक्सीवाल्यांचाच थिनर घेऊन पुसलेला. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. खाली वॉश प्रायमर (रंगाने पत्रा धरावा म्हणून आधी द्यायचा पातळ थर) द्यायचा मोह होईल. त्यातही आम्लच असतं, डब्यासोबतच्या कागदावर स्पष्ट परवानगी नसेल तर नको.

बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, तेच घ्या, अंदाजपंचे नको. ‘लवकर वाळू दे’ म्हणून हार्डनर जास्त टाकणारे खूप आहेत. त्याने वाळत नाही, चिवट-चिकट राहतं.

आता नागपूरची हवा, कारण इथे खरी मेख आहे. रंगाच्या धंद्यात नियम असा: पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं, आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. ऑगस्टमध्ये २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ च्या वर असतो, म्हणजे दोनच अंशांचं अंतर. डोळ्यांना दिसत नाही असा पाण्याचा थर पत्र्यावर असतो आणि आपण त्यावर रंग मारतो. मे महिन्यात उलट: ४२ अंश, २० टक्के, दवबिंदू पंधराच्याही खाली, दमटपणाची काहीच भीती नाही. पण उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही, थिनर गनमधून पत्र्यावर पोहोचेपर्यंत उडतो, रंग खरबरीत भुकटीसारखा बसतो. मिसळलेला इपॉक्सीही भांड्यातच घट्ट होतो; तापमान दहा अंश वाढलं की त्याचा वापरण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात करायचंच असेल तर सावलीत, सकाळी, थोडं थोडं मिसळून, हळू उडणारा थिनर घेऊन.

डिसेंबरात पहाटे नको. दहा अंशांच्या खाली साधा इपॉक्सी पक्का व्हायचं जवळजवळ थांबतो. अकरा ते तीन ही वेळ उत्तम.

गन नसेल तर ब्रशने लावा. खड्ड्यांच्या पत्र्यावर पहिला हात ब्रशने दिलेला मला उलट जास्त आवडतो, रंग खड्ड्यांत चेपला जातो. दोन पातळ हात, मधलं अंतर डब्यावर असेल तेवढं. हातात नायट्राइल मोजे. हार्डनरची कातडीला ॲलर्जी एकदा सुरू झाली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. तोंडाला रुमाल बांधून वास कमी येत नाही, नुसती समजूत होते. वाफांसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क मिळतो, तो घ्या.

कट्टर_पेठकर

आणि मग वरून तो काळा अंडरबॉडी कोट जाड मारून टाकायचा ना? आतूनही?

हिंगणा_शिफ्ट

आतून नको. डांबरी कोट वाळला की तडकतो, तड्यांतून पाणी खाली जातं, आणि वरून सगळं छान काळं दिसत असल्यामुळे कोणाला कळत नाही. या गाडीत पॅडच्या खाली तेच तर झालं. आत इपॉक्सीवर सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे सांध्याची फट बुजवणारा लगदा, बोटाने चेपून, मग वर टू-के (दोन डब्यांचा) पीयू रंग किंवा चांगला इनॅमल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन असतं, ते बंद गाडीत स्प्रे करू नका, ब्रशने लावा किंवा पेंटरकडून करून घ्या. बाहेरून, फक्त वेल्डिंग झालेल्या भागावर, आधी इपॉक्सी, सीलर, मगच रबरी कोट. मूळ शाबूत कोटिंगला हात लावू नका.

पाचपावलीकर

अन् खालून, तुकडा लावला तिथं, वरच्याइतकंच घासा. लोक आतून आरसा करते अन् खालून जळका पत्रा तसाच सोडते. गंज खालून वर येते.

वर्धमाननगर_एक्स्प्रेस

धागा वाचतोय, माझ्या झेनचंही हेच आहे. इपॉक्सी छोट्या मापात कुठे मिळेल? इतवारीत लोहाओळीत विचारलं, सगळे रेड ऑक्साइडच दाखवतात.

चिंचभवनची

हार्डवेअरवाल्यांकडे नाही. जिथे डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीचा कलर नंबर देऊन रंग मिक्स करून घेतात, त्या ऑटो पेंटच्या दुकानात जा. बेस, हार्डनर आणि थिनर एकाच कंपनीचे मागा आणि सोबतचा माहितीचा कागद मागा. दुकानदार ‘त्याची काय गरज’ म्हणेल, तरी मागा. एका छोट्या गाडीच्या आतल्या फ्लोअरला एक लिटरचा सेट पुरून उरतो. हार्डनरच्या डब्याचं झाकण फुगलेलं असेल तर दुसरा घ्या.

फुटाळ्याकाठी

शेवटची शंका. सीट आणि बेल्टच्या बोल्टची भोकं रंगात बुजणार. रंगाआधी काय करू? आणि नवीन डांबरी पॅड कधी लावू?

पाचपावलीकर

जुने वाया गेलेले बोल्ट असतीन तं थेच ग्रीस लावून दोन आटे फिरवून ठेवा, रंग झाला का काढा. नसतीन तं कागदाची सुरळी. आटे गंजले असतीन तं त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून साफ करा, मशीननं नाई. बेल्टचा बोल्ट बसवतानी तिथल्या रंगाचा जाड थर खरवडून टाका, नाई तं रंग दबते अन् बोल्ट ढिला होते. त्याले टॉर्क पान्यानंच आवळा, अंदाजानं नाई. गंजलेला असन तं नवा कंपनीचाच घ्या.

पॅडची घाई करू नका. रंग पूर्न पिकू द्या, आठ-दहा दिवस. तवरक कार्पेट न टाकता गाडी चालवा, एसी लावून. अन् रोज संध्याकाळी डाव्या बाजूले हात फिरवून पाहा, ओलं लागते का.